हवेत आवळलेले बोल्ट

९ एप्रिल १९९४, शनिवार

अडकली! पुन्हा त्याच दगडावर, त्याच जागी!

गुंद गाव सोडलं, ओढा ओलांडला, घाटीच्या पहिल्या वळणापर्यंत गाडी कशी मजेत आली. आणि त्या काळ्या पायरीवर पोट टेकून बसली. चाकं नुसती गरगरताहेत. चारी चाकांना जोर असून काय करायचंय, पोटच दगडावर असल्यावर?

आईने वरून आवाज ऐकला असणार. थोड्या वेळाने स्वतःच बैल घेऊन उतरली, मागे शेजारचा लखू. दोर बांधला, गाडी मागे ओढून काढली.  जाताना फक्त बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "ह्येंस्नी चढण कळती."

मला लागलं ते. लागलंच!

रामनगरला परत आले तर दादा दुकानाच्या पायरीवर. अंगावरची धूळ बघूनच त्याला कळलं. हसला. मग म्हणाला, "कोरड्यात चढंना, ती पावसात काय चढणार? गेल्या पावसात आई तापानं एकटी पडून होती, इसारलीस? पुढल्या म्हयन्यात लक्ष्मीच्या यात्रेला आई खाली येईल, ती आता परत जायची न्हाई. बैल इकू, घर लखूला देऊ."

"आणि गाडी दारापर्यंत नेली तर?"

"यात्रेच्या आत? दारापतोर?" पुन्हा हसला. "तर ऱ्हाऊ दे तिला वर. मी परत तोंड उघडायचो न्हाई."

कमलवहिनी तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "मी ऐकलंय हां दोघांचं."

बाबांनी मरताना सरळ वाटणी केली होती. दुकान अर्जुनदादाला, गाडी मला, वरचं घर आईला. आमचं सुपा गाव पाण्याखाली गेलं तेव्हा आम्ही सगळे उठून इथे रामनगरला आलो, आई एकटी आपल्या माहेरच्या रानात गेली. "एकदा पाण्यानं उठिवलं. आता माणसानं उठिवलेलं चालायचं न्हाई," असं म्हणाली होती. आणि ज्या धरणाने आम्हाला उठवलं, त्याच धरणाच्या कामावरची ही जपानी पिकअप बाबांनी लिलावात घेतली. मुद्दाम घेतली. मला शिकवली तीही मुद्दाम.

झोपायला जाताना दादाने विचारलं, "वर दारातल्या फणसाला फळ धरलंय काय?"

लाकडाचा अंदाज घेतोय, दुसरं काय!

११ एप्रिल, सोमवार

परशू मेस्त्रीच्या शेडमध्ये गाडी लावली. परशूचा जन्म जीपखाली गेला. जीपला पुढे स्प्रिंगचे पाटे असतात. हिला पाटेच नाहीत. प्रत्येक चाक दोन लोखंडी हातांनी धरलेलं, वरचा आर्म, खालचा आर्म, आणि सांध्यात रबराचे बुश. स्प्रिंगचं काम एक लांब सळई करते, पीळ खाऊन.

सळईचा बोल्ट पिळला की गाडीचं तोंड उचलतं. ते मी मार्चमध्येच करून बघितलं. पण मग वरचा आर्म त्याला अडवणाऱ्या ठोकळ्यावर जाऊन बसतो, चाक खाली उतरतच नाही, खड्ड्यावर लोंबकळतं. म्हणजे वरचा आर्मच बदलायला हवा. थोडा बाक द्यायचा, टोकाला चाक धरणाऱ्या बॉल जॉइंटची बैठक तिरकी करायची.

परशू बराच वेळ खाली वाकून बघत राहिला. "ह्याला हात लावायचा न्हाई अक्का. जपान्यानं इचार करून केलंय."

"जपान्याने आपली घाटी बघितली होती काय?"

"फुटला तर चाक एकीकडं नि तू एकीकडं."

"गाडीत बसणार मी. तू कशाला घाबरतोस?"

डोकं खाजवलं त्याने. मग विडी विझवली. परशूने विडी अर्ध्यावर विझवली की काम घेतलं असं समजायचं.

१४ एप्रिल, गुरुवार

कापले! दोन्ही बाजूचे वरचे आर्म.

करवत आरपार गेली तेव्हा मी तुकडा उचलून पुन्हा जागेवर लावून बघितला. खोटं कशाला लिहू? कंपनीचा आर्म इथे कुठे मिळणार? आता ही गाडी एकतर चढणार नाहीतर शेडमध्ये कोंबड्यांचं खुराडं होणार.

दुकानातल्या साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून नव्या आर्मचा नमुना केला. एकदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला, तिसऱ्यांदा परशूने माझ्या हातून पुठ्ठा घेतला आणि त्याचाही चुकला. तेव्हा बरं वाटलं. जाड पत्रा कापून कापलेल्या आर्मवर दोन्ही बाजूंनी वेल्डिंगने चढवायचा, असं ठरलं. परशू एकच सांगतो, जास्त हाव करू नको, फार उचललंस तर आतला ॲक्सल निसटेल.

शेडबाहेर माणसं येऊन उभी राहतात. "शकूनं गाडी मोडली काय?" नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हाही हीच माणसं अशीच उभी होती, आणि असाच प्रश्न विचारत होती. गाडीच्या जागी संसार म्हणायचं, एवढाच फरक.

१९ एप्रिल, मंगळवार

काम बंद!! लक्ष्मीचे वार सुरू झाले. यात्रेपर्यंत दर मंगळवार आणि शुक्रवार. औत जुंपायचं नाही, कांडायचं नाही, दळायचं नाही, लोखंडावर घाव घालायचा नाही. आमच्या लोकांनी हे खानापूरकडून आणलं, सुप्यात पाळलं, आता रामनगरात पाळतात.

मी विसरले होते. परशूने वेल्डिंगचं मशीन सुरू केलं आणि बाबुरावमामा काठी टेकत हजर. देवीचं सगळं तेच बघतात. "परशू, वार हाय न्हवं आज?" परशूने मुकाट्याने वायर काढली. मी म्हटलं, मामा, माझे दिवस भराभर चाललेत. ते म्हणाले, "देवीचं बी दिवसच मोजत्यात सगळे."

दिवसभर गाव कट्ट्यावर बसलेलं. मी शेडच्या दारात बसले. हात शिवशिवत होते. देवीवर माझा राग नाही. पण तिलाही एकदा त्या घाटीने वर जावं लागलं असतं म्हणजे कळलं असतं!

२१ एप्रिल, गुरुवार

बसले! नवे आर्म बसले!

वेल्डिंगची शिवण परशूने अशी घातलीय की बघत राहावं. गाडी जॅकवर होती, चाकं हवेत. परशूने सगळे बोल्ट तिथेच आवळून टाकले, पान्याला पाईप लावून. शेवटचा मी आवळला. अगदी दात खाऊन!

खाली उतरवली तर काय रुबाब! पोटाखालून कुत्रं न वाकता गेलं. वहिनी बघायला आली, म्हणाली, "अय्यो, उंच टाचेच्या चपला घातल्यागत दिसती." दादाने दुकानातून मान वर केली, बघितलं, पुन्हा हिशेबात घातली. पण बघितलं!

२३ एप्रिल, शनिवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

दगड पार झाला. हे आधी लिहिते, कारण ते खरं आहे. पुढची चाकं पायरीवर चढली, पोट कुठे टेकलं नाही, मी एकटीच ओरडले गाडीत. मग दुसरं वळण. आणि तिथे खट्. पुन्हा खट्. प्रत्येक दगडावर खट्-खट्, स्टिअरिंग हाताला ओढ मारायला लागलं. वरून आईच्या चुलीचा धूर दिसत होता. तिथून परत फिरले. बैलाच्या चालीने रामनगर गाठलं.

दादा हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "शकू, हट्टानं मरशील एक दिस." वहिनीसमोर!

२४ एप्रिल, रविवार

कुणाशी बोलले नाही. दादाशी तर नाहीच.

२६ एप्रिल, मंगळवार

काल सगळे बुश उपसून काढले. फाटलेले. चिंध्या! परशू म्हणाला, रबर जुनं होतं. जुनं असेल. पण एक इकडून, एक तिकडून असं फाटलं असतं. हे सगळे एकाच दिशेने फाटलेत.

आज वार. काही करायचं नाही, म्हणून अंगणात बुश हातात घेऊन बसले. लोखंडावर घाव घालायचा नाही, रबराकडे बघायला तर बंदी नाही. वहिनी लुगडं धूत होती. दोन्ही टोकं धरून पिळलं आणि तसंच पिळलेलं बादलीच्या काठावर ठेवून आत गेली. मी त्या पिळाकडे बघत बसले, आणि एकदम उठले. चप्पलही घातली नाही.

परशू कट्ट्यावर पत्ते खेळत होता. "हवेत आवळले!" मी ओरडले. सगळ्यांनी माझ्याकडे वेडी झाली असं बघितलं. त्याला बाजूला ओढून सांगितलं. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळला, म्हणजे रबर त्या लोंबकळत्या जागेवर चिकटलं. गाडी खाली उतरवली तेव्हा आर्म वर आला, आणि रबराला पीळ बसला. उभी असली तरी पीळ, चालली तरी पीळ. वर दगडावरचे हिसके. फाटणार नाही तर काय होईल?

परशूने पत्ते खिशात घातले. "जीपला आम्ही सगळी असंच करताव," एवढंच म्हणाला. जीपच्या सांध्यात ग्रीस असतं, हवेत आवळा नाहीतर पाण्यात आवळा, तिला सुखदुःख नाही. आपण ह्या गाडीला जीप समजून वागवलं. दोघांनीही! वेल्डिंगला काही झालेलं नाही, बाक बरोबर आहे, सगळं बरोबर आहे. फक्त आवळायची वेळ चुकली.

इतकं हलकं वाटतंय की दादाशीसुद्धा बोलले. "चहा दे" म्हणाले.

३० एप्रिल, शनिवार

बेळगावला जाऊन आले. ह्या गाडीचे बुश कुणी नावानेही ऐकलेले नाहीत. दुसऱ्या गाडीचे जवळपासच्या मापाचे घेतले आणि लोंढ्याच्या लेथवर त्यांची बाहेरची लोखंडी नळी मापाला कातून घेतली. दुकानदार विचारत होता, "मालक कुठं हायत?" मी म्हटलं, समोर उभ्या आहेत.

आता गाडी जमिनीवर उभी करून आवळायची. पण रिकामी नको. आमची गाडी रिकामी कधी चालते? पोती, माणसं, कोंबड्या, कुणाची ट्रंक. नेहमी जेवढी बसते तेवढी बसवून मगच आवळायची, म्हणजे तीच रबराची सुखाची जागा. परशूला पटलं. निदान त्याने वाद घातला नाही.

२ मे, सोमवार

बुश बसले, संध्याकाळ झाली. बुधवारी वर जायलाच हवं. गुरुवारी देवी बाहेर पडली की यात्रा संपेपर्यंत वेशीतून गाडी आत-बाहेर होत नाही. म्हणजे आवळायचं उद्या. उद्या मंगळवार. शेवटचा वार!

दादाकडे तांदळाची पोती मागितली, नुसती गाडीत ठेवायला. "वाराच्या दिवशी दुकानातलं पोतं हलायचं न्हाई," म्हणाला. खरं तर बरोबर आहे त्याचं. म्हणूनच जास्त राग आला.

३ मे, मंगळवार

काय दिवस होता!

सकाळी गाडी ढकलत ढकलत देवळासमोरच्या सपाट जागेवर आणली. इंजिन सुरू केलं नाही, तेवढा मान राखला. सगळं गाव कट्ट्यावर. मी पाना काढला तसे बाबुरावमामा उठले.

"शकुंतला! आज लोखंडाला हात?"

"घाव घालायचा नाही असं आहे ना मामा? मी घाव घालणार नाही. बोल्ट आवळणार."

"एकच त्ये."

"एकच कसं? तुम्ही सकाळी विहिरीच्या रहाटाची कडी बसवलीत. ती काय लाकडाची होती?"

कट्ट्यावर कोणीतरी खुदकन हसलं. मामांनी काठी आपटली. "काय वंगाळ झालं तर तुझ्या माथी!"

"माझ्याच माथी राहू दे. गाडी पण माझीच आहे."

मग मी कट्ट्याकडे वळले आणि सरळ सांगितलं. माझ्याकडे पोती नाहीत. मला वजन हवंय. तुम्ही सगळे रिकामे बसलाय, ते गाडीत येऊन बसा. एवढंच काम आहे.

कोणी हललं नाही. माना खाली. मला वाटलं, संपलं. डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं.

तेवढ्यात मामांचीच बायको, लक्ष्मीमावशी, गुडघ्यावर हात ठेवून उठली. "मी बसते," म्हणाली. मामा म्हणाले, वार मोडतोय! ती म्हणाली, "बसणं म्हंजे काम हाय काय? फाटंपासनं बसलेच हाय की कट्ट्यावर. हितं बसले काय नि तितं बसले काय." आणि चढलीसुद्धा! मग तिच्या मागे तिच्या सुना. मग पत्त्यांचा सगळा अड्डा, पत्त्यांसकट. मामा काठी टेकत पुन्हा कट्ट्यावर जाऊन बसले. मावशीचं म्हणणं नियमात बसत होतं.

परशू मात्र गाडीखाली आला नाही. "मी आज पान्याला हात लावायचो न्हाई अक्का, घरात ल्हान पोर हाय," म्हणाला. त्यालाही गाडीत बसवलं. एकटी खाली शिरले. वर हसणं, खोकणं, पत्त्यांचे पुकारे. कुणी हललं की मी खालून ओरडायचे, "गप बसा!" उजवीकडचे बोल्ट झाले.

डावीकडे आले तर डावी बाजू उचललेली. पुढची डावीकडची सीट मोकळी होती. म्हटलं, पुढे कोणीतरी बसा! वरून वहिनीचा आवाज, "बसा की तुमी. दुकानात बसून एवढं वजन वाढवलंय, आज तर कामाला येऊ दे." दार उघडलं. गाडी डावीकडे अशी बसली की मी डोकं आत घेतलं.

दादा!

मी आवळायला लागले. पाईप लावून, अंगचा सगळा जोर लावून. वरून एकदाच त्याने विचारलं, "शकू, झालं काय?" लहानपणी सुप्याच्या नदीवर मी पाण्यात बुडी मारली की काठावरून असंच विचारायचा. मी शेवटचा बोल्ट उगीच आणखी एकदा ओढला, मग म्हटलं, झालं.

४ मे, बुधवार

दादा म्हणाला, "मी बी येतो. दारापतोर म्हंजे दारापतोर, माज्या डोळ्यानं बघणार." ये, म्हटलं. बघच!

गुंद. ओढा. काळा दगड. दगडावर दादाने डोळे मिटले आणि डॅशबोर्ड धरला. पुढचं डावं चाक चढलं, उजवं खाली उतरलं, सावकाश, जसं उतरायला हवं तसं. आवाज नाही. दुसरं वळण. मी श्वास धरून कान लावला होता. खट् नाही! तिसरं वळण, बांबूचं बेट, शेणाने सारवलेलं अंगण!!

दारात गाडी उभी केली तेव्हा चाक तुळशीपासून हातभर लांब. हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. मला थांबवतच नव्हतं.

आई कोकमाची सोलं वाळत घालत होती. लाल हातांनी बाहेर आली. गाडीकडे बघितलं, चाकांकडे बघितलं, म्हणाली, "बैलं बुजतील, बास कर." मग दादा खाली उतरला, आणि आईने लाल हात तसेच लुगड्याला पुसले. सुपा बुडाल्यापासून तो इथे आला नव्हता. गुडघे दुखतात, दुकान आहे, सतरा कारणं. आम्हीही विचारायचं सोडलं होतं.

तो सरळ फणसापाशी गेला. खोडावर हात ठेवून उभा राहिला. फळ बुंध्यापासून धरलंय. मी म्हटलं, "मोजलंस काय लाकूड?" त्याने ऐकलंच नाही. हे झाड त्याने आणि आजोबांनी लावलं, हे आईने मला जेवताना सांगितलं. मला माहीत नव्हतं.

हरलास, म्हटलं मी. आई इथेच राहणार. "व्हय," म्हणाला. इतक्या सहज, की जिंकल्याची मजाच गेली.

आईला यात्रेला न्यायचं होतं. लखू आधीच यात्रेला गेलेला. बैल कोण बघणार? मी म्हटलं, मी राहते. "तू ऱ्हायलीस तर गाडी कोण चालवणार?" दादा म्हणाला. "जावा तुमी. मी बघतो बैलं."

जो एकही वार चुकवत नाही, तो यात्रा चुकवणार! वहिनीला सांगितलं तर ती आधी हसली, मग म्हणाली, "जेवणार काय त्यो?"

६ मे, शुक्रवार

यात्रा. आई आणि लक्ष्मीमावशी कट्ट्यावर हातात हात घालून बसल्या होत्या. बाबुरावमामांनी मला बोलावून अंगारा दिला. "गाडीला बी लाव," म्हणाले. लावला, डाव्या आर्मला.

९ मे, सोमवार

आज आईला वर सोडलं आणि दादाला आणायला म्हणून थांबले. अंगणात नवं दावं वळत बसला होता. आला नाही. "पावसाळा सरू दे," म्हणाला. "आई एकटी कशी ऱ्हाईल?" दुकानाचं काय, विचारलं तर म्हणे कमल बघील. वहिनीला इथे येऊन सांगितलं. म्हणाली, "आतापतोर कोण बघत हुतं?" आणि तोंड फिरवून तराजू पुसायला लागली.

येताना शेजारची सीट रिकामी. डावीकडे गाडी जरा उचललेली चालते. परशू म्हणाला, बोल्ट सैल करून परत आवळू, बिनवजनाचे.

नको, म्हटलं. ते बोल्ट दादाच्या वजनावर आवळलेत. तसेच राहणार.